पुढे कोण आसा?

कुठेही रांग दिसली की आमच्या ऑफिसातले काका चष्मा कपाळावर सरकवायचे, तर्जनीने हवेतल्या हवेत माणसं मोजायचे आणि शेवटी जाऊन उभे राहायचे. तिथे आपलं काही काम आहे का, हा प्रश्न त्यांना पडत नसे. बँकेत, फेरीबोटीच्या धक्क्यावर, लग्नातल्या जेवणाच्या टेबलापाशी. लग्नात तर एकदा ते पोटभर जेवून पुन्हा रांगेत उभे दिसले आणि यजमानांचा भलताच गैरसमज झाला.

डिचोलीत आमच्या ऑफिससमोरच्या मोकळ्या जागेत एकदा कुत्र्यांना रेबीजची लस टोचायचं शिबिर भरलं. काका पाऊण तास उभे. पुढे एक पॉमेरेनियन, मागे दोन गावठी. नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कुत्रा कुठे आहे.

"कुत्रो नाय. मी रांग बघूक इलंय," काका म्हणाले. "तुमचां बरां चल्लांहा. फक्त मांजराची पेटी घेवन इल्ली ती बाय आसा मरे, तिका जरा वायली उभी करा."

डॉक्टरांनी त्या बाईला बाजूला घेतलं आणि सकाळपासून चाललेलं भुंकणं एकदम कमी झालं. काका जिना चढतानाच बडबडत आले, की या गावात कोणाला साधी रांग लावता येत नाही.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. सुतार दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी दाराची बिजागरी बघतो. काकांचं आयुष्य रांगेत गेलं होतं. मूळ घर सावंतवाडीकडचं. तरुणपणी खाणींच्या कामाला गोव्यात आले आणि आमोण्याच्या बाजूला, नदीकाठच्या धक्क्यावर खनिजाचे ट्रक लावायला लागले. खनिज वाहून नेणारी बार्ज येईपर्यंत ट्रक उभे राहत, नजर पोचेल तिथवर. कोण पुढे, कोण मागे, यावरून ड्रायव्हरांची हातघाई होई. काकांपाशी एक शिट्टी, एक वही आणि खणखणीत आवाज. खाणी बंद पडल्या तेव्हा ते कोरगावला सासऱ्यांच्या काजूच्या बागेत जाऊन बसले. पण तिथे काही रमले नाहीत. काजू वाटेल तिथे उगवतात, ही त्यांची तक्रार होती.

मग ते आमच्याकडे आले. आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस म्हणजे भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही चौघं, आणि आमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आमचे साहेब. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. काका अठ्ठावन्नचे. साहेबांनी त्यांना घेतलं ते गिऱ्हाइकांकडे जाऊन प्रोग्रॅम बसवायला आणि तिथल्या माणसांना शिकवायला. संगणक त्यांना फारसा येत नव्हता, पण माणसं यायची, आणि आमचं नेमकं उलटं होतं.

आता थोडं आमच्या कामाविषयी सांगते. आम्ही वापरतो ती प्रोग्रामिंगची भाषा लहानशी आहे. जगात इथे तिथे पसरलेली काही मंडळी ती हौसेने सांभाळतात. भाषेबरोबर तयार साधनांची एक लायब्ररी मिळते, म्हणजे प्रत्येकाने चूल मांडण्यापासून सुरुवात करायला नको. त्या लायब्ररीत रांगेचंही एक साधन होतं. त्या रांगेला दोनच कामं यायची: आलेल्याला शेवटी उभं करणं आणि सगळ्यात पुढच्याला बाहेर काढणं. बस. पुढे कोण उभं आहे हे नुसतं बघायची सोय तिच्यात नव्हती.

पेडण्यातल्या एका खाजगी दवाखान्यासाठी मी नंबर लावायचा प्रोग्रॅम लिहिला. पेशंट आला की नाव घालायचं, "पुढचा" हे बटण दाबलं की नाव पुकारलं जायचं. काउंटरवरच्या मुलीने मागितलं म्हणून मी आणखी एक बटण दिलं, "पुढे कोण". त्यामागे मी काय केलं होतं, तर पुढच्याला रांगेतून काढायचं, त्याचं नाव पडद्यावर दाखवायचं आणि त्याला पुन्हा रांगेत घालायचं. मी ते नीट तपासलंही. माझं स्वतःचं एकच नाव घालून तपासलं. एकच माणूस असलेल्या रांगेत पुढचा आणि मागचा तोच असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला की प्रोग्रॅम विचित्र वागतो. मी दिवसभर माझ्या ओळी तपासल्या. मला काही सापडलं नाही. मी म्हटलं, त्या मुलीलाच वापरता येत नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेडण्याला गेले आणि पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले.

दुपारी परतले ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. साहेब समोरच होते. काकांनी मला गॅलरीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि मग हळू आवाजात सांगितलं.

"गो बाय, तू कदेलीर बसलेल्या माणसाक उठवून विचारतंस, तू कोण म्हणान. आणि मगे तेका शेवटच्या कदेलीर नेवन बसवतंस."

ते दवाखान्यात साडेतीन तास बसले होते. काउंटरवरच्या मुलीला कोणीही विचारलं, की ती "पुढे कोण" दाबायची, नाव वाचायची आणि हाक मारायची, अमकी, तयार राहा. ती अमकी उठून डॉक्टरांच्या दारापर्यंत जायची. मग मुलगी "पुढचा" दाबायची आणि भलत्याच माणसाचं नाव यायचं, कारण अमकी तोवर रांगेच्या शेवटी पोचलेली असायची. हरमलची एक म्हातारी पहिल्या बसने आली होती. तिचे दोन्ही गुडघे धरलेले. ती चार वेळा उठली, चार वेळा दारापर्यंत गेली आणि चार वेळा परत येऊन बसली. डॉक्टर जेवायला गेले तेव्हा ती न दाखवताच घरी गेली. आणि ही तिची दुसरी फेरी होती, असं काकांना शेजारच्या पेशंटाने सांगितलं.

मी सात ओळी लिहून चूक दुरुस्त केली. सगळी रांग एका बाजूला काढायची, पहिलं नाव बघायचं आणि होती तशीच क्रमाने परत लावायची. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. काका म्हणाले, हरमलला जाऊन येऊ.

मला जायचं नव्हतं, हे इथे कबूल करते. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते सगळी वाट पुढच्या गाड्यांवर शेरे मारत होते. म्हातारीचं घर समुद्राच्या बाजूला होतं. वरच्या दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या, खाली ती आणि तिची सून. आम्हाला पाहून ती खुर्ची द्यायला उठू लागली. काका घाईने म्हणाले, उठू नकोस, आणि स्वतः खाली जमिनीवर बसले. मग मलाही बसावं लागलं.

त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माका दिसलां, दोतोराक माझ्याकडे बोलूचां नाय," ती म्हणाली. "गेल्या म्हयन्यात मी तेंका एक गोष्ट दोनदा इचारलेली."

"तसां काय नाय," काका म्हणाले. "चूक आमची. आमका बघूक येय नाय."

आमची, असं म्हणाले. मी फरशीकडे बघत बसले होते. मग सुनेने सोलकढी आणली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा एक गोरा पर्यटक भिजलेल्या अंगाने आत आला, आम्हाला ओळीने जमिनीवर बसलेलं बघून त्याला काही पूजा चालली आहे असं वाटलं असावं. त्याने हात जोडले आणि तोही काकांच्या शेजारी मांडी घालून बसला. काकांनी तर्जनी फिरवली आणि त्यालाही मोजलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, की त्या सात ओळी लायब्ररीतच का नाहीत. मी सांगितलं, त्या सोप्या आहेत, ज्याच्या त्याच्या पुरत्या प्रत्येकजण लिहितो.

"सगळे लिवतत म्हणजे सगळे चुकतत," ते म्हणाले. "तेंका कळवूक व्हयां."

भाषा सांभाळणाऱ्या मंडळींचा एक मंच आहे. तिथे कोणीही सूचना मांडू शकतो. काकांनी दोन बोटांनी टाइप करत तीन दिवसांत सूचना लिहिली. पोर्टच्या ऑफिसला अर्ज लिहिण्याचं त्यांचं इंग्रजी होतं. सुरुवात "रिस्पेक्टेड सर", मग विषय, "रांगेतील इसमास न हलविता पाहण्याची सोय करणेबाबत", मग "वरील विषयास अनुसरून". मी म्हटलं, काका, तिथे असं लिहीत नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच वाचतील. अर्जात चार सोयी मागितल्या होत्या: पुढे कोण आहे ते नुसतं बघणं, रांगेत किती आहेत ते सांगणं, रांग रिकामी आहे का ते सांगणं, आणि सगळ्यांना क्रमाने एकदम बाहेर सोडणं. कारण म्हणून हरमलच्या म्हातारीचे गुडघे सविस्तर दिले होते.

मुख्य सांभाळणारा कुठल्यातरी थंड देशातला होता. त्याचं उत्तर सभ्य पण कोरडं आलं. लायब्ररी लहान ठेवणं हे आमचं धोरण आहे, हे काम ज्याला हवं त्याला चार ओळींत करता येतं. शिवाय किती आहेत हे कळलं की रिकामी आहे का हे कळतंच, मग वेगळी सोय कशाला.

काका चिडले नाहीत. खाणीवरच्या ड्रायव्हरांपुढे हा गृहस्थ काहीच नव्हता. त्यांनी उत्तर लिहिलं, रिस्पेक्टेड सर, आपण कोणाच्या घरी जाऊन आत कोणी आहे का असं विचारतो, तेव्हा घरातली माणसं मोजायला सांगत नाही. आणि चार ओळींविषयी म्हणाल, तर आमच्याकडच्या एका हुशार मुलीने त्या सातमध्ये लिहिल्या, त्याही एकदा चुकल्यावर.

हुशार मुलगी मी. जगभरच्या लोकांना माझी चूक कळली होती, पण हुशार हा शब्दही तिथे होता, आणि तो मी त्या दिवशी बऱ्याच वेळा वाचला.

मग वाद सुरू झाला तो महिनोन् महिने चालला. बघण्याच्या सोयीला नाव काय द्यावं, यावर एवढी माणसं तावातावाने बोलली, की बारशालाही इतकं बोलत नाहीत. एकाला एक शब्द फार लांब वाटे, दुसऱ्याला तोच उद्धट. रोज सकाळी काका आल्या आल्या विचारायचे, "पुढे कोण आसा?" म्हणजे आज उत्तर कोणाला द्यायचं आहे. मी नावं सांगायची. ते ज्याने आधी लिहिलं त्याला आधी उत्तर देत. वादात सगळ्यात खवचट बोलणारा एकजण होता, त्यालाही त्याचा नंबर आल्याशिवाय उत्तर मिळत नसे, आणि मिळे तेव्हा ते "रिस्पेक्टेड सर" असंच सुरू होई. दोनेक महिन्यांत तो बराच मवाळ झाला.

एके दिवशी त्या थंड देशातल्या मुख्य गृहस्थाचं दोन ओळींचं उत्तर आलं. भाषा शिकणाऱ्यांसाठी त्याने स्वतः फार पूर्वी एक नमुन्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. छपाईच्या यंत्राकडे कागद ओळीने पाठवायचा. पुढे कोणता कागद आहे हे बघण्यासाठी त्याने त्यात तो काढून परत घातला होता. हुबेहूब माझी चूक, आणि कित्येक वर्षं लोक ती शिकत होते. त्याच्या उत्तराची सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशी होती. सूचना मान्य आहे, आता ती लिहून पाठवा, असं पुढे होतं.

काकांना वाटलं, काम झालं. लिहायचंही आपल्यालाच, हे कळल्यावर त्यांनी वही काढली.

मी त्यांना शिकवलं. मी बरी शिक्षिका नाही आणि ते सोपे विद्यार्थी नव्हते. प्रत्येक गोष्ट त्यांना माणसं उभी करून बघायची असायची. ऑफिसच्या अरुंद पॅसेजमध्ये आम्हा चौघांना ते ओळीने उभं करत, हातात आकड्यांच्या चिठ्ठ्या देत, आणि वही बघून हुकूम सोडत. चहावाला आला की त्याला शेवटी उभा करत. तो कपांचा ट्रे धरून निमूट उभा राही, कारण नंबर चुकला तर काका पहिल्यापासून सुरू करत.

चौथ्या सोयीची तपासणी मात्र अंगाशी आली. सगळ्यांना क्रमाने एकदम बाहेर सोडणं. काकांनी हुकूम दिला आणि आम्ही चौघं, आमच्या मागे चहावाला, चिठ्ठ्या हातात धरून जिना उतरलो आणि भांड्यांच्या दुकानासमोर ओळीने थांबलो. साहेब त्याच वेळी एका नव्या गिऱ्हाइकाला घेऊन गाडीतून उतरत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वर पाहिलं. वर गॅलरीत काका एकटेच, चष्मा कपाळावर, समाधानाने वहीत टिपण करत होते.

गिऱ्हाइकाने विचारलं, संप आहे का. साहेब म्हणाले, नाही, टेस्टिंग आहे. गिऱ्हाईक टिकलं. इतकी शिस्त आपण कुठल्याच ऑफिसात बघितली नाही, असं त्याने नंतर साहेबांना सांगितलं.

काकांनी लिहिलेलं पहिलं रूप साठेक ओळींचं होतं. मंचावरच्या मंडळींनी ते परत पाठवलं. मग काकांनी त्यातून एक एक ओळ काढायला सुरुवात केली. एखादी ओळ काढली की पुन्हा सगळं तपासायचं, मोडलं तर परत घालायची, नाही मोडलं तर ती वहीत लिहून ठेवायची, कोणत्या दिवशी का काढली त्यासकट. मी म्हणायची, आता पुरे, चालतंय. ते म्हणायचे, ट्रक चालता म्हणान तेच्यात फत्तर ठेवूचे काय.

चौथी सोय शेवटी मंडळींनी नाकारली. ती फार थोड्यांना लागेल, असं त्यांचं मत पडलं. आम्ही चौघं काकांच्या बाजूने भांडायला तयार होतो, निदान त्या जिन्यावरच्या शोभेसाठी तरी. काकांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी ती मागे घेतली. उरलेल्या तीन मान्य झाल्या. पुढच्या आवृत्तीत त्या येतील, असं मुख्य गृहस्थाने कळवलं. काकांनी तो कागद छापून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि सगळ्यांसाठी उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी आणली. वाटताना ते स्वतः शेवटी उभे राहिले आणि त्यांच्या वाट्याला भाजी उरली नाही. सुका उंडा चहात बुडवून खाल्ला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सोमवारी ते आले नाहीत. न सांगता ते कधी राहत नसत. साडेदहाला त्यांच्या जावयाचा फोन आला. सकाळी चहा घेतला, अंगणात खुर्चीवर बसले आणि तिथेच गेले. साहेबांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि आम्ही सगळे कोरगावला गेलो. चहावालाही आमच्याबरोबर होता.

नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात आली. मी लॅपटॉप घेऊन काकींकडे गेले. त्यांना मी याआधी फक्त त्या सोमवारी पाहिलं होतं. त्यांनी मला माजघरात बसवलं. त्या म्हणाल्या, की घरी असले की ते वही घेऊन बसायचे, विचारलं तर परदेशात पत्रव्यवहार चाललाय एवढंच सांगायचे.

"तां काम पुरां झालां मरे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि त्यांना पडद्यावर दाखवलं. तीन सोयी, मिळून नऊ ओळी. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"इतक्याच?" त्या म्हणाल्या. "मगे वरीसभर काय करी होते?"

"ते इतकंच राहावं म्हणून खपत होते," मी सांगितलं.

त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. घरातलं एक कपाट कधी आवरलं नाही त्यांनी, असं त्या पुटपुटल्या. मग मी त्यांना दुसरं पान उघडून दाखवलं. ज्यांनी ज्यांनी त्या आवृत्तीसाठी काम केलं त्यांची नावं तिथे होती, देशोदेशीची. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. यात त्यांचं कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसला आणि त्या नावावर आपलं बोट टेकवलं.

माझा लॅपटॉप स्पर्शावर चालणारा आहे. बोट जरा सरकताच पान सर्रकन वर गेलं आणि तिथे दुसरीच नावं आली. काकींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"गेलां काय गो?"

"नाही काकी," मी म्हटलं. "आहे." आणि पान खाली ओढून मी ते त्यांना पुन्हा दाखवलं.